कार्बन कंपनीचा, पहारा कोणाचा?

2026-27 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कारखान्यांच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडणे, वापरणे आणि साठवणे यासाठी पाच वर्षांत 20,000 कोटी रुपयांची घोषणा झाली. वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायने या पाच उद्योगांसाठी ही योजना आहे. आमच्या वस्त्यांत तिची चर्चा झाली नाही. होणार तरी कशी? ज्यांच्या पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, ज्यांच्या घरकुलाचा हप्ता अडकलेला असतो, त्यांनी जमिनीखाली दोन किलोमीटरवर कोण काय पुरतो याची चौकशी कधी करायची? तरीही आम्ही हा विषय आज मुद्दाम घेत आहोत. वायू पुरण्याचे काम पंचवीस-तीस वर्षांचे असते, पण पुरलेल्या वायूवर पहारा ठेवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्यांचे असते. आणि या देशात पिढ्यान्‌पिढ्यांचा पहारा कोणाच्या माथी मारला गेला, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

आधी हे काम कसे चालते ते समजून घेऊ. धुरातून वायू वेगळा करतात, दाबाखाली आणतात आणि साधारण 800 मीटरपेक्षा खोल, सच्छिद्र खडकात सोडतात. वर घट्ट खडकाचे झाकण लागते. नॉर्वेने उत्तर समुद्राच्या तळाखाली स्लाइपनर येथे 1996 पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन या हिशेबाने वायू पुरला. पुरल्यानंतर तो जागेवर आहे की सरकतो आहे हे पाहावे लागते. पोटाची सोनोग्राफी करावी तशी ध्वनिलहरींनी खडकाची चित्रे काढतात, निरीक्षण विहिरींत दाब मोजतात, आसपासचे पाणी तपासतात, उपग्रहावरून जमीन फुगली का ते बघतात. अल्जीरियातील इन सालाह येथे उपग्रहानेच दाखवले की, जमीन वर्षाला काही मिलिमीटर वर येते आहे. झाकणाच्या खडकाची शंका आली आणि 2011 मध्ये वायू सोडणे थांबवले गेले. पहारा होता म्हणून शंका आली. पहारा नसता तर?

आता खर्च. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाने (आयपीसीसी) 2005 च्या विशेष अहवालात निरीक्षणाचा खर्च टनामागे 0.1 ते 0.3 डॉलर धरला. वीजकेंद्रात वायू पकडण्याचा खर्च त्याच अहवालात टनामागे 15 ते 75 डॉलर आहे. म्हणजे पहारा म्हणजे जेवणावळीतले मीठ! अभियंते हा आकडा दाखवून सांगतात, काळजी कसली करता? आमचा प्रश्न अभियंत्याचा नाही, वकिलाचा आहे. हा खर्च किती वर्षांचा, आणि तो द्यायला तेव्हा कोण हजर असणार? हिशेबनीस पुढच्या काळातला खर्च आजच्या किमतीत मांडतात. आठ टक्के दराने पन्नास वर्षांनंतरचे एक कोटी रुपये आजच्या वहीत सव्वादोन लाखांहूनही कमी दिसतात. नातवाच्या वाट्याचा खर्च आजोबाच्या वहीत असा दिसेनासा होतो.

पहारा स्वस्त आहे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील डिकेटर हे शहर पाहावे. इलिनॉय राज्यातल्या या शहरात आर्चर डॅनियल्स मिडलँड कंपनी मक्यापासून इथेनॉल बनवताना निघणारा वायू सुमारे दोन किलोमीटर खोल पुरते. 2024 मध्ये तेथे गळती उघडकीला आली, आणि ती झाली कुठे? ज्या विहिरीतून पहारा ठेवायचा त्याच निरीक्षण विहिरीत! आतल्या पाइपाला गंज चढला होता. वायू परवान्यात नसलेल्या थरात गेला. पर्यावरण संरक्षण संस्थेने परवान्याचा भंग झाल्याचे कळवले, वायू सोडणे काही काळ थांबवावे लागले. शहराच्या पिण्याच्या पाण्याला धक्का लागला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण कंपनीला जे मार्च महिन्यात ठाऊक होते ते गावकऱ्यांपर्यंत पोचायला कित्येक महिने लागले. कुलपालाच गंज चढतो, म्हणजे पहाऱ्यावरही पहारा लागतो. तो खर्च टनामागच्या दहा-तीस सेंटमध्ये कुठे बसतो?

युरोपीय संघाच्या 2009 च्या कायद्याने थोडा विचार केला. साठा बंद झाल्यावर साधारणपणे किमान वीस वर्षे जबाबदारी कंपनीची. त्यानंतर ती सरकारकडे जाते, मात्र जाण्यापूर्वी कंपनीने किमान तीस वर्षांच्या निरीक्षणाचा पैसा भरायचा. अमेरिकेच्या नियमांत बंद झाल्यानंतर पन्नास वर्षांची देखरेख हा सर्वसाधारण दंडक आहे, पण अधिकाऱ्याला ती कमी करता येते. वायू मात्र हजारो वर्षांसाठी पुरायचा आहे. वीस, तीस, पन्नास, आणि त्यानंतर? त्यानंतर जनतेची तिजोरी.

आपल्याकडे जनतेच्या तिजोरीचा अनुभव भोपाळचा आहे. 1984 मध्ये वायू सुटला, 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, मूळ कंपनी 2001 मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. कारखान्यात पडून राहिलेला सुमारे 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये, न्यायालयाने फटकारल्यावर, सरकारी खर्चाने पीथमपूरला हलवला गेला. चाळीस वर्षे त्या कचऱ्याच्या कुंपणाला लागून कोण राहिले? ओलियम वायूगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगावर निरपवाद जबाबदारी टाकली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ते तत्त्व नुकसान झाल्यावर बोलते. कंपनीच उरली नाही, तर नुकसान होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्याचा पगार कोण देणार, यावर ते गप्प आहे.

महार वतन म्हणजे दुसरे काय होते? वेस राखायची, खजिना पोचवायचा, रात्री-अपरात्री हाकेला ओ द्यायची, आणि मोबदला काय तर वतनाचा तुकडा आणि बलुत्याची शिळी भाकर. मालमत्ता दुसऱ्याची, राखण आमची. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच फुकटच्या चाकरीविरुद्ध. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे 1958 साल उजाडले. आज जमिनीखालच्या वायूची नवी वेसकरकी तयार होते आहे. विजेचा आणि सिमेंटचा नफा कंपनीचा, अनुदान सरकारचे, राखण मात्र गावाची, आणि गावात जो सखल जागी, नाल्याकाठी राहतो त्याची. हा वायू हवेपेक्षा जड आहे, सुटला तर खोलगट जागी साचतो. कॅमेरूनमध्ये न्योस सरोवरातून 1986 मध्ये तो निसर्गतःच सुटला आणि सतराशेहून अधिक माणसे गुदमरून मेली. तो पुरलेला वायू नव्हता, आणि खोल खडकातून असा एकदम लोंढा येईल असे आम्ही म्हणत नाही. चांगली जागा निवडली तर वायू हजार वर्षे टिकेल असे शास्त्रज्ञ सांगतात, ते आम्ही मानतो. पण जागा चांगली आहे हे सांगणार कोण, तर ज्याला ती वापरायची आहे तोच!

हा प्रश्न आमच्या दाराशी आला आहे. झारखंडमध्ये पकरी बरवाडीह कोळसा खाणीच्या परिसरात एनटीपीसीने 2025 मध्ये अशा साठवणुकीच्या अभ्यासासाठी विहीर खोदायला घेतली. आणि भूशास्त्रज्ञांचे लक्ष दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे. ज्या पाषाणात भिक्खूंनी अजिंठा आणि कार्ले येथील लेणी कोरली, त्याच जातीच्या खडकात आइसलँडमध्ये हा वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला. दगड झाला की पहारा हलका होतो, हे खरे. पण तेथील पद्धतीला टनभर वायूमागे पंचवीस टनांच्या आसपास पाणी लागते. मराठवाड्यातील टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हा हिशेब कोणी विचारला आहे काय?

भारतात जमिनीखाली कार्बन साठवण्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. तो येईल तेव्हा नोटीस सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला जाईल. भूमिहीन मजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते, त्याची फक्त झोपडी त्या जमिनीवर असते. म्हणून त्या कायद्यात आम्हाला दोन गोष्टी हव्यात. पहाऱ्याचा पैसा वायू सोडण्याआधी स्वतंत्र निधीत भरलेला असावा आणि कंपनी बुडाली तरी त्याला कोणी हात लावू नये. विहिरीचे आकडे कंपनीच्या कपाटात न राहता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत, दर महिन्याला लागावेत. मोजणी करणाऱ्यांत त्या वस्तीतली शिकलेली पोरे असावीत, आणि पगारावर असावीत.

तोपर्यंत एखाद्या गावच्या ग्रामसभेपुढे अशा विहिरीचा ठराव आलाच, तर आमच्या कार्यकर्त्यांनी अंगठा किंवा सही देण्याआधी एकच कागद मागावा: पहाऱ्याच्या निधीची बँकेतली पावती.