घरोघरच्या गोष्टी : बाळोत्यांचें धुणें

घरांत बाळंतीण आली कीं पाळणा, बारसें आणि नांव यांची चर्चा प्रत्येकजण करतो. परंतु दिवसाकाठीं जीं पंधरा-वीस बाळोतीं भिजतात, त्यांचा विचार करण्यास कोणास सवड नसते. तें काम न्हाणीघरांत, मुकाट्यानें आणि बहुधा एकाच माणसाच्या हातून चालतें. आमच्या एका वाचक भगिनीनें पत्रानें विचारिलें आहे कीं, बाजारांतील सुवासिक चूर्णापेक्षां रिठ्यानें तान्ह्या बाळाचे कपडे धुतलेले बरे काय? प्रश्न लहान दिसतो. पण त्याचें प्रामाणिक उत्तर द्यावयाचें तर आम्हांस स्वतःची एक चूकही सांगणें प्राप्त आहे. ती योग्य स्थळीं सांगूं.

प्रथम रिठ्याविषयीं. संस्कृतांत यास अरिष्टक म्हणतात. 'फेनिल' म्हणजे फेसाळ हेंही त्याचेंच नांव. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तेथें रेशमी व लोंकरी वस्त्रें खाऱ्या मातीनें, कांबळीं रिठ्यानें, तलम पट्टवस्त्रें बेलफळानें आणि जवसाच्या धाग्याचीं वस्त्रें पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावीं, असें सांगितलें आहे. त्यांत घेण्यासारखा मुद्दा हा कीं, जसें कापड तसें त्याचें शोधन. एकच पदार्थ सर्वांस उत्तम, असें जुन्यांनींही मानलें नाहीं.

रिठ्याच्या टरफलांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तें पाण्यांत उतरलें म्हणजे फेस होतो व मळ सुटतो. साबणाहून त्याचा एक विशेष असा कीं, जड पाण्यांतील चुन्याशीं त्याचा चिकट साका होत नाहीं. विहिरीच्या जड पाण्यांत साबणानें धुतलेलीं बाळोतीं कांहीं दिवसांनीं ताठर व करड्या रंगाचीं होतात, तीं या साक्यामुळें. शिवाय साबण क्षारधर्मी, आणि बाळाची त्वचा किंचित् आम्लधर्मी. रिठ्याचें पाणीही किंचित् आम्लच असल्यामुळें त्वचेशीं त्याचें बरें जमतें.

कृति सोपी आहे. दहा-बारा रिठे फोडून बिया टाकून द्याव्या. टरफलें दोन लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून सकाळीं पाव तास उकळावीं, निवाल्यावर कुसकरावीं आणि तें पाणी दुहेरी फडक्यांतून गाळावें. न गाळल्यास पांढऱ्या कापडावर तपकिरी ठिपके पडतात. हें पाणी दोन दिवसांत आंबतें, म्हणून लागेल तेवढेंच करावें. रिठे फोडतांना उडणाऱ्या पुडीनें शिंका येतात आणि पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबतें; तान्हें मूल तेथून दूर ठेवावें.

आतां रिठ्याच्या उणीवा. तेलकट डागांवर त्याची शक्ति साबणाहून कमी पडते आणि जंतूंचा नाश तो करील असा भरंवसा धरूं नये. यासाठीं शौचाचें बाळोतें प्रथम थंड पाण्याच्या धारेखालीं निपटून घ्यावें, मग रिठ्याच्या पाण्यांत भिजवून चोळावें आणि शेवटीं कढत पाण्यांतून काढावें. मुताचीं बाळोतींही तशींच सांठवून ठेवूं नयेत. मूत्रांतील युरियापासून जंतु अमोनिया तयार करतात. सकाळीं बादलीचें झांकण काढतांच जी उग्र घाण येते ती त्याचीच, आणि बाळाच्या मांड्या लाल होण्यास तोही एक कारण होतो.

चुलीची राख 'नैसर्गिक' म्हणून कोणी सुचवितात. राखेच्या निवळींत तीव्र क्षार असतो. भांड्यांस ती ठीक, तान्ह्याच्या लंगोटास नव्हे. निसर्गांतून आलेलें तेवढें सौम्य, ही समजूत आम्हीही पुष्कळ दिवस बाळगली होती. साबण वापरलाच तर तीन वेळां खळबळून काढावें आणि शेवटच्या पाण्यांत बादलीमागें दोन चमचे पांढरा शिरका घालावा. उरलेला क्षार त्यानें मरतो. मात्र शिरका व ब्लीचिंग पावडर कधींही एकत्र करूं नये, विषारी क्लोरीन वायु सुटतो. कपडे मऊ करणारीं सुवासिक द्रव्यें बाळोत्यांस नकोत. त्यांनीं कापडाची पाणी शोषण्याची शक्ति कमी होते, आणि जुन्या लुगड्याच्या बाळोत्याचा सारा गुण त्या शोषण्यांतच आहे.

कडक ऊन हें सर्वांत स्वस्त शोधन. त्यानें पिवळे डाग विरळ होतात आणि जंतूही बरेच मरतात. पावसाळ्यांत शेगडीवर दुरडी पालथी घालून तीवर बाळोतीं शेकण्याची रीत आमच्या लहानपणीं घरोघर होती. कोंडलेल्या खोलींत निखाऱ्यांचा विषारी वायु सांचतो, यास्तव ती आतां सोडावी. वलणीवर वारा लागेल अशीं वाळवून वरून इस्तरी फिरविली म्हणजे काम होतें.

येथवर आम्हीं सांगितलें तें सारें सहा वर्षांपूर्वीं आमच्या सूनबाईंसही सांगितलें होतें. त्यांस बाजारांतील द्रव साबण हवा होता. आम्हीं मनुस्मृति काढून व्याख्यान दिलें, आणि घरांत रिठ्याचा जय झाला. नातू घरीं आला त्या दिवशीं आमच्या कुटुंबानें माळ्यावरची पेटी उघडली. त्याच्या वडिलांचीं झबलीं, कुंची व दुपटीं तींत डांबराच्या गोळ्यांसह जपून ठेविलेलीं होतीं. तासभर वाऱ्यावर टाकून तीं त्यास घातलीं. चौथ्या-पांचव्या दिवशीं मूल पिवळें पडलें, मग फिकट, दूध ओढीना. रुग्णालयांत डॉक्टरांनीं दोन-चार प्रश्न विचारून झाल्यावर विचारलें, "याचे कपडे कशांत ठेवले होते?"

कांहीं बालकांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नांवाचें संरक्षक द्रव्य जन्मतःच कमी असतें. हें न्यून मुलांत मुलींपेक्षां अधिक आढळतें. डांबराच्या गोळींतील नॅप्थलीन वासावाटे अशा बाळाच्या शरीरांत गेलें कीं रक्तपेशी फुटूं लागतात. ग्रीसमधील डॉक्टरांनीं 1963 सालींच नवजात बालकांतील असे रोगी नोंदवून ठेविले आहेत. आमच्या नातवाच्या तपासणींत तें न्यून आढळलें. आठवडाभर निळ्या प्रकाशाखालीं राहून, रक्त देऊन, तो बरा झाला. त्या आठवड्यांत सूनबाई आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहींत. घरीं आल्यावर एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, रिठा चांगलाच आहे. पेटी मात्र यापुढें मी लावीन."

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमचें उत्तर असें : रिठा अवश्य वापरा, तो मिळाला नाहीं तर साधा, वास नसलेला साबण वापरून भरपूर पाण्यांतून काढा. दोहोंत फारसें पाप-पुण्य नाहीं. परंतु बाळाच्या वस्त्रांजवळ डांबराची गोळी ठेवूं नका, कापूरही नको. जुने कपडे गोळ्यांत ठेवलेले असतील तर ते तान्ह्यास घालूंच नका. सुती कपड्यांस त्या गोळ्यांची गरजही नसते. स्वच्छ धुऊन, खळ न लावतां, खडखडीत वाळवून घट्ट डब्यांत ठेवले म्हणजे ते टिकतात.

आणि वडील मंडळींस एक विनंति. बाळोतीं कशानें धुवावीं यावर वाद घालण्यापूर्वीं, तीं रोज कोण धुतें हें एकदां पाहावें. आम्ही त्या प्रसंगानंतर पिळण्यास हात लावूं लागलों, तेव्हां बादलीचें वजन आम्हांस प्रथम कळलें.