दूरचे युद्ध, दारातले देणे

पवनी तालुक्यातील आसगावी रोवणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या तोंडी दोनच विषय असतात: पाऊस आणि खत. पैकी पाऊस आभाळाच्या हाती आहे. खत कोणाच्या हाती आहे, याचा विचार बांधीत पऱ्हे रोवताना सहसा कोणी करीत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्या वर्षी जगाच्या बाजारात खतांचे भाव भडकले. युरियाची गोणी आमच्या शेतकऱ्याला ठरलेल्या दरानेच मिळाली हे खरे. परंतु मधली तफावत सरकारी तिजोरीने सोसली आणि २०२२-२३ या एका वर्षात खतांवरील अनुदान दोन लाख कोटी रुपयांच्या पुष्कळ वर गेले. तिजोरी म्हणजे तरी कोण? बाजारहाट करताना कर भरणारा तोच शेतकरी आणि तोच मजूर. युद्ध कोणी केले आणि देणे कोणाच्या दारात आले, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस आज वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

हा प्रश्न नवा नाही. पहिल्या महायुद्धाचे तात्कालिक कारण कोणते, असे विचारताच शाळेतील मुलगा साराजेव्होच्या खुनाचे नाव घेतो आणि गुण मिळवतो. आम्हीही एके काळी फळ्यावर हेच लिहून दिले आहे. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, हे निर्विवाद. परंतु धानाच्या पुंजण्याला आग लागली म्हणजे काडी कोणी टाकली एवढेच विचारून भागत नाही. इतकी पुंजणी एकाला एक लागून कोणी रचली, हेही विचारावे लागते. १८७९ साली जर्मनी व ऑस्ट्रियाने करार केला, १८९४ साली फ्रान्स व रशियाने केला आणि १९०४ व १९०७ च्या समझोत्यांनी इंग्लंड त्या दुसऱ्या गटाकडे झुकले. जर्मनीने आरमार वाढवले, तेव्हा इंग्लंडने १९०६ साली ‘ड्रेडनॉट’ ही प्रचंड युद्धनौका पाण्यात सोडली. प्रत्येकाने स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून जे केले, ते शेजाऱ्याला आक्रमणाची तयारी वाटले.

त्यात यंत्रयुगाने आणखी एक भर घातली. लाखो सैनिक सीमेवर नेण्याचे काम आता रेल्वेच्या वेळापत्रकावर अवलंबून होते. १ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सम्राटाने सैन्य पश्चिमेऐवजी पूर्वेकडे वळवण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा सेनापती मोल्टके यांनी ते अशक्य असल्याचे सांगितले. कित्येक वर्षे खपून आखलेली योजना ऐन वेळी मोडता येणार नव्हती. ज्या यंत्राचे आपण स्वामी आहोत असे राज्यकर्त्यांना वाटत होते, त्या यंत्रानेच त्यांना ओढून नेले. युद्ध लवकर आटोपेल, ही समजूत तर दोन्ही बाजूंस होती. ते चार वर्षे चालले.

४ ऑगस्टला इंग्लंडने युद्ध पुकारले आणि हिंदुस्थान त्याच क्षणी युद्धात ओढला गेला. कोणा हिंदी माणसाला विचारण्याची गरज भासली नाही. वैनगंगेकाठच्या खेड्याला मत नव्हते. देणे मात्र होते, आणि ते चार वाटांनी वसूल झाले.

पहिली वाट माणसांची. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक व मजूर समुद्रापार गेले. सुमारे ७४ हजार परतले नाहीत. इराकमधील कूत येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागलेल्या फौजेत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. माणसे कमी पडू लागताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण राज्यकर्त्यांनी इतकी तंतोतंत क्वचितच पाळली असेल.

दुसरी वाट आमच्या जिल्ह्यातील काळ्या दगडाची. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीज निघते, आणि मँगनीजवाचून पोलाद होत नाही. तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर काळ्या समुद्राची वाट बंद झाली व रशियाचे मँगनीज इंग्लंडला दुर्मीळ झाले. साहजिकच मध्यप्रांताच्या खनिजाचे मोल वाढले. १९१५ च्या अखेरीपासून इंग्रज शिपायाच्या डोक्यावर चढलेले शिरस्त्राण मँगनीजमिश्रित पोलादाचेच होते.

तिसरी वाट पैशाची. १९१७ साली हिंदुस्थानच्या नावे दहा कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपये, इंग्लंडला युद्धखर्चासाठी ‘देणगी’ म्हणून देण्यात आले. देणारा कोण होता, हे सांगणे नलगे. जहाजे युद्धात गुंतली. कापड, मीठ व रॉकेल यांचे भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले.

चौथी वाट सर्वांत भयंकर. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ सुरू झाली. त्या वर्षी पाऊसही रुसला होता. पावसाळा संपता संपता आलेली दुसरी लाट रेल्वेने देशभर पोचली आणि मध्यप्रांत हा सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक ठरला. देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली. रणांगणावर मेलेल्या हिंदी सैनिकांच्या शंभरपटींहून हा आकडा मोठा आहे. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेतील लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक होय. तापाचे जंतू युद्धाने निर्माण केले नाहीत, हे खरे. परंतु सैन्याच्या हालचालींनी त्यांना वाहन दिले, महागाईने अर्धपोटी शरीरे दिली, आणि डॉक्टर तर सैन्याच्या सेवेत अडकलेले होते.

युद्धाने काही लाभही झाले, असे म्हणणारे आहेत, आणि ते सर्वस्वी खोटे बोलत नाहीत. टाटांच्या पोलादाला मागणी आली. १९१७ साली माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासन दिले. मात्र त्यापाठोपाठ १९१९ साली रौलट कायदा आणि जालियनवाला बागही आली. शिवाय लाभ ज्यांच्या पदरी पडला, त्यांनी किंमत मोजली नव्हती. ज्यांनी मोजली, त्यांची चिता केव्हाच विझली होती. तिकडे २८ जून १९१९ रोजी, साराजेव्होच्या खुनाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, व्हर्सायचा तह झाला. त्यातील सूडबुद्धीने शांततेचा पाया कच्चा राहिला आणि वीस वर्षांत जग पुन्हा पेटले.

म्हणून राष्ट्राने शस्त्र टाकावे, असे आमचे म्हणणे नाही. १९६२ चा धडा हा जिल्हा विसरलेला नाही. त्यानंतरच १९६४ साली जवाहरनगरचा आयुधनिर्माणी कारखाना उभा राहिला. त्याच कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले. तेव्हा देशात शांतता होती. यंत्रयुगातील संरक्षणाची किंमत सीमेवर मोजली जाते, तशीच ती आपल्या शेजारच्या कारखान्यातही मोजली जाते. संरक्षण हवे असेल, तर ही किंमत मोजणाऱ्यांची सुरक्षितता हा त्या संरक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

आसगावच्या माणसाला १९१४ साली कोणी विचारले नाही. आज त्याच्या हाती मत आहे. त्या मताचा उपयोग केवळ रस्ता आणि नळ मागण्यापुरता न करता, युद्ध आणि शांततेच्या धोरणाचा जाब आपल्या प्रतिनिधीला विचारण्यासाठीही त्याने केला पाहिजे. दूरच्या तोफांचे आवाज पडद्यावर पाहून टाळ्या पिटणे सोपे आहे. परंतु त्या तोफांचा हिशेब अखेर बांधीच्या धुऱ्यापर्यंत येतो, हे ज्याने आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीकडून ओळखले, तो टाळी वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबेल. तेवढा थांबला, तरी पुष्कळ झाले.