सरपंचपदाचा लिलाव कीं गांवाचा?

डिसेंबर २०२० मध्यें नाशिक जिल्ह्यांतील उमराणें व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी या गांवीं सरपंचपदासाठीं उघड बोली लागली. उमराण्यांत ती दोन कोटींच्या वर गेली, खोंडामळींत ४२ लाखांवर थांबली. पैसा देवळाला जावयाचा, म्हणून कित्येकांना त्यांत पुण्यच दिसलें! राज्य निवडणूक आयोगानें जानेवारी २०२१ मध्यें दोन्ही निवडणुका रद्द केल्या, हें योग्यच झालें.

पूर्णा जंक्शनच्या आसपासच्या शेतकरी व बलुतेदार बंधूंनीं या गोष्टीचा विचार करावा. बोलींत उतरतो कोण? ज्याच्या पदरीं पैसा आहे तो. कोरडवाहू कुणब्याला, सुतार-कुंभाराला, सालगड्याला त्या बैठकींत बोलतां येईल काय? आणि लाखों रुपये मोजून खुर्ची घेणारा मनुष्य तें भांडवल विसरून जाईल, असें मानणारा भोळाच म्हणावयाचा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग थेट ग्रामपंचायतींना मिळाला. २०२१-२२ पासून त्यांतील शेंकडा ६० हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठीं राखलेला होता. नळ कोणत्या आळींत आधीं जावा, नाली कोणाच्या दाराशीं थांबावी, हें त्या खुर्चीवरून ठरतें. मत मागावें लागतें म्हणून वाड्यावरचा मनुष्य वस्तींत येतो. मताची गरजच उरली नाहीं तर तो कशाला येईल?

बिनविरोध निवडणुकीनें तंटे टळतात, खर्च वांचतो, असें कोणी म्हणतील. एकमत खरें असेल तर आमची हरकत नाहीं. पण चार पागोट्यांचें एकमत म्हणजे गांवाचें एकमत नव्हे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्यावर निजामाचा अंमल होता. तेव्हां गरीब रयतेला कारभारांत विचारीत होता कोण? पुढें प्रौढ मताधिकारानें जमीनदाराचें व मजुराचें मत एका मोलाचें झालें. १९९३ मध्यें अंमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें दलित, आदिवासी व स्त्रिया यांच्या जागा राखल्या. २०११ मध्यें महाराष्ट्रानें स्त्रियांचा वांटा निम्म्यावर नेला. लिलाव या साऱ्यावर पाणी फिरवितो.

तेव्हां बंधुभगिनींनो, वर्षांतून निदान चार ग्रामसभा व्हावयाच्या असा कायदा आहे. तेथें जा, जमाखर्च मागा. पंचायतीच्या उत्पन्नांतील शेंकडा १५ मागासवर्गीयांसाठीं खर्च झाले कीं नाहीं, हें विचारा. देऊळ वर्गणीनें बांधतां येतें. गेलेलें मत पांच वर्षें परत येत नाहीं.