कर्ता नसलेली वाक्ये आणि धास्तावलेले आईबाप

साहित्यसमीक्षेने फारशी दखल न घेतलेले एक गद्य मराठी घरांत मोठ्या श्रद्धेने वाचले जाते. ते म्हणजे मुले कशी वाढवावीत हे आईबापांना सांगणारे गद्य. कादंबरीतील निवेदकावर कितपत विश्वास ठेवावा याची चर्चा आम्ही वर्गात तासन्‌तास करतो. या गद्याच्या निवेदकाला मात्र तो प्रश्न कोणी विचारत नाही. ‘तो विषय डॉक्टरांचा, आपला नव्हे’ असे म्हणून साहित्याचे अध्यापक मोकळे होतात. ही सोयीस्कर पळवाट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या गद्याचे लाडके वाक्य घ्या : ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ संशोधन कोणी केले, कोणावर केले, कशाशी तुलना करून केले, याचा त्यात मागमूस नसतो. मोझार्टचे संगीत ऐकवल्याने बाळाची बुद्धी वाढते, ही समजूत अशीच रूढ झाली. तिचे मूळ 1993 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या लेखात आहे. प्रयोग होता 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर. मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर आकृत्यांच्या कोड्यांत त्यांचे गुण वाढले, आणि हा परिणाम 10-15 मिनिटांत ओसरला. त्या प्रयोगात बाळ नव्हतेच. तरीही 1998 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी नवजात बालकांच्या घरी अभिजात संगीताच्या तबकड्या पोचवण्यासाठी 1,05,000 डॉलरची तरतूद मागितली. पुढच्याच वर्षी, ‘नेचर’मध्येच, तोवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, परिणाम अगदी किरकोळ ठरला. पण तोवर विद्यार्थ्यांची बाळे झाली होती आणि पंधरा मिनिटांचे आयुष्य झाले होते.

आपल्याकडे या वाक्याच्या जोडीला अभिमन्यू येतो. सुभद्रेच्या उदरात त्याने चक्रव्यूहाचा भेद ऐकला, ती झोपी गेली म्हणून बाहेर पडण्याची युक्ती ऐकायची राहून गेली, ही कथा गर्भसंस्काराचा पुरावा म्हणून सर्रास पुढे केली जाते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने संपादित केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील द्रोणपर्व उघडावे. तेथे अभिमन्यू व्यूह भेदण्याची रीत आपल्याला पित्याने शिकवल्याचे सांगतो; गर्भाचा उल्लेख करीत नाही. गर्भातील कथा लोकपरंपरेने रचली, आणि कथा म्हणून ती आम्हांलाही प्रिय आहे. आमचा आक्षेप तिला पुराव्याच्या आसनावर बसवण्याला आहे. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येतात आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. पण आवाज ओळखणे वेगळे आणि ऐकलेल्या श्लोकांनी बुद्धिमान होणे वेगळे. शिवाय या कथेत दोष कोणाच्या माथी येतो, हेही वाचकाने पाहावे. तो झोपी गेलेल्या आईच्या माथी येतो. अशा सल्ल्यावर विसंबलेल्या घरात मूल अभ्यासात मागे पडले की नऊ महिन्यांचा हिशेब सुनेकडेच मागितला जातो.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले अनुभवाचे : ‘आमच्या पिढ्यान्‌पिढ्या जन्मतः मध चाटूनच वाढल्या.’ मधात बोटुलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात, आणि वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ती रुजून जिवावर बेतू शकते. म्हणून पहिले वर्षभर मध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. असा आजार क्वचित होतो, हे खरे. पण जी वाढली तीच साक्ष द्यायला उरतात. जी वाढली नाहीत त्यांची साक्ष कोण नोंदवणार?

दुसरे उत्तर अधिकाराचे : ‘डॉक्टरांनीच लिहिले आहे.’ बेंजामिन स्पॉक हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ होते. 1946 मध्ये प्रथम निघालेले त्यांचे पुस्तक जगभर कोट्यवधी प्रतींनी खपले. त्याच्या 1958 च्या आवृत्तीत, बाळाला पाठीवर झोपवू नये, उलटी झाल्यास ते गुदमरेल, असा सल्ला होता. युक्तिवाद कोणालाही पटावा असाच होता. मात्र झोपेत अचानक दगावलेल्या बाळांची जिवंत बाळांशी तुलना केली, तेव्हा पालथे झोपवणेच घातक असल्याचे दिसू लागले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने दाखवले, की उपलब्ध पुरावा 1970 मध्येच एकत्र मांडला असता तर ब्रिटनमधील 10,000 हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशियातील किमान 50,000 बाळे कदाचित वाचली असती. प्रत्यक्षात, पाठीवर झोपवा, हे सांगणारी मोहीम ब्रिटनमध्ये 1991 मध्ये व अमेरिकेत 1994 मध्ये सुरू झाली. स्पॉक यांचा हेतू शुद्ध होता, पदवी खरी होती, शैली आश्वासक होती. उणीव एकच होती : तुलना कोणी केलेली नव्हती.

म्हणून विश्वासार्ह सल्ल्याची लक्षणे पदवी, परंपरा वा प्रासादिक शैली यांत शोधू नयेत. किती मुलांवर, कोणाशी तुलना करून, किती काळ पाहिले आणि इतरांनी पुन्हा पाहिले तेव्हा काय आढळले, हे तो सांगतो. आपली मर्यादा सांगतो. पुरावा बदलल्यावर स्वतः बदलतो आणि बदलल्याचे कबूल करतो. ‘प्रत्येक बाळ’, ‘हमखास’, ‘आयुष्यभर’ अशा शब्दांपासून तो दूर राहतो. आणि सल्ल्याच्या शेवटी काही विकायला ठेवलेले असेल, तर वाचकाने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे.

यांतील बहुतेक प्रश्न वैद्यकाइतकेच वाचनाचेही आहेत. विधान कोणाचे, आधार कोणता, गाळले काय, हे विचारण्याची सवय लावणे हे साहित्याच्या वर्गाचे घोषित काम आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे समीक्षक होतील. आईबाप मात्र बहुतेक होतील. अशा सल्ल्याचे एक पान अभ्यासक्रमात उतारा म्हणून का लावू नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हांला अद्याप कोणी दिलेले नाही.