दुखण्याची रोजकीर्द

आषाढ सरत आला की निगडी-भोसरीपासून चाकणपर्यंत संध्याकाळी ढोल-ताशांच्या सरावाचे स्वर कानी येऊ लागतात. कारखान्यातील पाळी संपवून आलेले तरुण, महाविद्यालयीन विद्यार्थी, तसेच आपल्या व्यापारी घरांतील मुले-मुलीही पथकांत असतात. ढोलाचा भार दोरीने कमरेवर येतो. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. तीच हालचाल तासन्‌तास घडली की मनगट, खांदा व कंबर दुखू लागते. मात्र ‘दुखते’ म्हणणे मुलांना कमीपणाचे वाटते आणि घरी कळेपर्यंत उशीर होतो.

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६४च्या सुमारास आखडू लागली. त्यांनी सराव कमी करण्याऐवजी वाढवला. पुढे सुमारे तीस वर्षे त्यांना प्रामुख्याने डाव्या हातासाठी रचलेले संगीतच वाजवावे लागले. शरीराची पहिली सूचना डावलू नये, हाच याचा बोध.

ही सूचना टिपण्यास खिशातील मोबाईल उपयोगी पडतो. आठवणीवर हिशेब चालत नाही, हे व्यापारी कुटुंबास सांगावयास नको. वेदनेची नोंद ठेवणारे ॲप घ्यावे किंवा मोबाईलमधील साधी टिपणवही वापरावी. किती मिनिटे वाजवले, कोठे दुखले, शून्य ते दहा या मापात किती दुखले आणि सकाळी त्यातील किती उरले, एवढे रोज लिहावे. आठवड्याच्या नोंदी एकत्र पाहिल्या की वेदना कोणत्या दिवशी, कशाने वाढली ते ध्यानी येते.

गजर लावून दर पंचवीस मिनिटांनी थोडा विसावा घ्यावा. मेट्रोनोम ॲपवर लय एकदम न चढवता टप्प्याटप्प्याने वाढवावी. वाजवतानाची चित्रफीत पाहिली की उचललेला खांदा किंवा वाकडे मनगट आपले आपणांस दिसते. घरी तबला-पेटी शिकणाऱ्यांसही हे लागू आहे.

तथापि ॲप निदान करीत नाही. मुंग्या, बधिरता, सैल पडणारी पकड किंवा झोपमोड करणारी वेदना असल्यास वादन थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावे. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही तशी सोय आहे. जाताना नोंदी सोबत न्याव्यात. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवत राहणे म्हणजे नावे बाजूची रक्कम खोडून खाते जुळवणे होय.

पालकांनी मुलांना ‘किती वेळ वाजवलेस?’ याबरोबरच ‘आज कोठे दुखले?’ हेही विचारावे.