समुद्र लुटणारे आपल्याच सफेत उभे आहेत

मी दालदी घरातला. अब्बांची दोन सिलिंडरची होडी होती. सात-आठ वाव पाण्यात जाळी टाकायची, पहाटे ओढायची, एवढाच धंदा. एकदा रात्री त्यांच्याबरोबर गेलो तर थोड्या अंतरावर शहरासारखा उजेड पडलेला. पाण्यावर एलईडी दिवे. आजूबाजूचा मासा उजेडाकडे ओढला जातो, मग थव्याभोवती पर्ससीन जाळं फिरवतात आणि खालची दोरी आवळली की जाळ्याची थैली होते. मोठा मासा, पिल्लू, अंड्याला आलेली मादी, सगळं त्या थैलीत. पहाटे आमच्या जाळ्यात डिझेलचे पैसेही निघाले नाहीत.

ती नौका ज्याची, तो माणूस जुम्म्याला पहिल्या सफेत असतो. मशिदीच्या नव्या फरशीला त्यानेच पैसे दिलेत.

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०१६ मध्ये पर्ससीनवर मर्यादा आल्या, राज्याच्या हद्दीत फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारी बंद केली. २०२१ मध्ये दंड लाखांवर नेला. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरली आणि पापलेट राज्यमासा झाला. तरी तळहाताएवढं पापलेट बाजारात राजरोस विकलं जातं, आणि दावतीत ते ताटात आलं की आपणही 'माशाअल्लाह' म्हणून खातो.

बुजुर्ग म्हणतात, समंदर अल्लाहचा, रिझ्क तोच देतो. बरोबर. पण समुद्राची शिकार हलाल आहे, इसराफ हलाल नाही. सूरह रूमच्या ४१ व्या आयतीत जमिनीवरच्याच नाही, समुद्रातल्या फसादाचाही ठपका माणसाच्या हातांवर ठेवलाय. बंदरापासून हाकेच्या अंतरावरच्या मशिदीत ही आयत जाळ्यांशी जोडून सांगितलेली तुम्ही कधी ऐकलीत? मी नाही.

दुसरी सबब जास्त धोकादायक आहे. नौका पकडली की लगेच, 'मुसलमान म्हणून पकडली.' भेदभाव होतो तिथे मी तुमच्याबरोबर रस्त्यावर येईन. पण पर्ससीनचे मालक हिंदूही आहेत, मुसलमानही. आणि रिकाम्या जाळ्याने घरी परतणारे कोळी, गाबीत, खारवी, दालदी सगळेच आहेत. पारंपरिक मच्छीमार उपोषणाला बसतात तेव्हा मंडपात आपली पोरं किती असतात, मोजून बघा. कौमच्या नावाने मालकाला वाचवायचं आणि कौमच्याच गरिबाला उपाशी ठेवायचं, हे कुठलं इन्साफ?

१ ऑगस्टला हंगाम उघडतो. त्याआधी आमच्या जमातीत मी अर्ज देतोय: एलईडीवाल्यांचा चंदा घेऊ नये आणि जमातीच्या दावतीत लहान पापलेट शिजू नये. आतापर्यंत तीन सह्या झाल्यात. अब्बांची नाही. त्या मालकाचे पैसे त्यांना अजून फेडायचे आहेत.