छावणी उठली, कारभारी आलाच नाही

उल्हासनगरात एखाद्याचा पत्ता विचारावा, तर उत्तर आजही आकड्यांत मिळते. कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच. त्यापुढे बरॅकचा क्रमांक. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. ज्या सैन्यासाठी ही छावणी उभारली गेली, ते सैन्य निघून गेले आणि ज्या साम्राज्यासाठी ते लढले, ते साम्राज्यही लयाला गेले. परंतु पाच लाखांवर लोकवस्तीचे एक शहर अद्याप आपला पत्ता लष्करी भाषेतच सांगते. यात गंमत वाटण्यासारखे काही नाही. लष्करी भूमीचे नागरी वस्तीत रूपांतर करणे म्हणजे काय, ते कोणी करायचे आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे, हा विचारच ज्या राज्यव्यवस्थेने कधी केला नाही, तिच्यावरचे ते मूक आरोपपत्र आहे.

कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प हे या भूमीचे मूळ नाव. युद्धकाळात हजारो सैनिक आणि त्यांच्या सेवेतील माणसे येथे उतरत व पुढे जात. तात्पुरता मुक्काम एवढाच त्या बांधकामाचा हेतू होता. लांबच लांब बरॅकी, मध्ये मोठे दालन, दोन्ही टोकांना खोल्या. तेथे ना कुटुंबांच्या निवाऱ्याचा विचार होता, ना बाजाराचा, ना शाळेचा. फाळणी झाली आणि याच ओसाड बरॅकींमध्ये सिंधमधून आलेले सुमारे एक लाख विस्थापित हिंदू आणून ठेवण्यात आले. पंजाबची व बंगालची फाळणी झाली, तेव्हा त्या प्रांतांचा अर्धामुर्धा भाग तरी भारतात उरला. सिंध मात्र संपूर्ण गेला. धर्म राखण्यासाठी ज्यांनी भूमी सोडली, त्यांना या देशात आपली म्हणता येईल अशी वीतभर भूमीही नव्हती. त्यांच्या वाट्याला आली ती दुसऱ्याने टाकून दिलेली छावणी.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली. उल्हास नदीच्या काठचे म्हणून उल्हासनगर असे सुंदर नाव तिला लाभले. नाव मिळाले, पण कारभारी मिळाला नाही. नगरपालिका यायला १९६० साल उजाडावे लागले. मधल्या दहा-अकरा वर्षांत, म्हणजे शहराचा सांगाडा ठरण्याच्या नेमक्या काळात, येथे सरकारी खात्यांचा अंमल होता. पुनर्वसन खात्याचे काम डोक्यावर छप्पर देण्यापुरते आणि महसूल खात्याचे काम नोंदीपुरते. रस्ते किती रुंद असावेत, मोकळी मैदाने कोठे असावीत, दोन बरॅकींमधली जागा कोणाची, कुटुंब वाढल्यावर माणसे कोठे राहतील, या प्रश्नांचा धनी कोणीच नव्हता.

एकच समाज, दोन शहरे

त्या काळात याहून अधिक काही शक्य नव्हते, असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. त्याच सुमारास, त्याच सिंधी समाजासाठी कच्छच्या ओसाड भूमीवर गांधीधाम उभे राहत होते. भाई प्रताप यांच्या पुढाकाराने सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन झाली. कच्छच्या महाराजांनी सुमारे १५ हजार एकर भूमी दिली. आचार्य कृपलानींसारख्यांचे नेतृत्व संस्थेला लाभले आणि कांडला बंदराच्या जोडीने एक आखीव नगर आकाराला आले. माणसे तीच होती आणि वर्षेही तीच. अंतर होते ते एवढेच, की एकीकडे भूमीचा ताबा, आराखडा आणि उत्तरदायित्व एका संस्थेच्या हाती होते. दुसरीकडे छावणीच्या किल्ल्या अनेक खात्यांच्या खुंट्यांवर टांगलेल्या होत्या.

त्याचे फळ पुढच्या पिढ्यांनी भोगले. विस्थापितांना भरपाई देण्यासाठी १९५४ चा कायदा आला, बरॅकी आणि जागा लोकांच्या नावे होऊ लागल्या. परंतु कोणाला सनद मिळाली, कोणाचे कागद अर्धवट राहिले. दोन घरांमधल्या मोकळ्या जागेची मालकी तर अनेक ठिकाणी संदिग्धच राहिली. मालकीच संदिग्ध असेल, तर बांधकामाची रीतसर परवानगी मिळणार कशी? मिळत नसेल, तर वाढत्या कुटुंबाने जायचे कोठे? बरॅकीवर मजला चढला, मजल्यांच्या इमारती झाल्या. या गोंधळात बांधकाम व्यावसायिकांनी हात धुऊन घेतले आणि पालिकेतील मंडळींनी डोळे मिटून घेतले. २००५ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रकरण गेले, तेव्हा ८५५ अनधिकृत इमारतींचा आकडा सर्व महाराष्ट्रापुढे आला. शासनाने काय केले? केवळ या एका शहरासाठी २००६ मध्ये अनधिकृत विकासकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा केला! एका नगरासाठी असा वेगळा कायदा करावा लागणे, हीच मुळातल्या अपयशाची जाहीर कबुली होती. तो कायदा होऊनही बहुसंख्य इमारतींचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. मे २०२१ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि निरपराध रहिवासी प्राणास मुकले. कागदावर नियमित होण्याची वाट पाहणाऱ्या इमारती कोसळण्यासाठी मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत.

उल्हासनगर म्हणजे बेशिस्त, उल्हासनगर म्हणजे नक्कल, अशी कुचेष्टा करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पंडितांनी हा इतिहास एकदा वाचावा. हातात काही नसताना ज्या समाजाने पापड-लोणच्यापासून प्रारंभ करून फर्निचर, कापड आणि जीन्सच्या बाजारपेठा उभ्या केल्या, शाळा-महाविद्यालये उभारली, तो समाज बेशिस्त कसा? शिस्त लावणारी यंत्रणा जन्मालाच आली नाही, त्याचा दोष उद्योगी माणसाच्या माथी मारणे हा शुद्ध कांगावा आहे.

तीन नगरे, एक पाणी

हा प्रश्न उल्हासनगरापुरताच आहे, असे समजून अंबरनाथ आणि बदलापूरकरांनी स्वस्थ बसावे, अशी स्थिती नाही. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६ होती. त्यानंतर या पट्ट्यात, विशेषतः बदलापुरात, किती टोलेजंग संकुले उठली हे लोकलच्या गर्दीवरूनच कळते. कारभाराच्या दृष्टीने मात्र तिन्ही नगरे एकमेकांना परकी. उल्हासनगरला १९९६ पासून महानगरपालिका आहे. अंबरनाथ आणि बदलापूर १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत ढकलली गेली आणि १९९२ मध्ये पुन्हा बाहेर काढली गेली. आता तेथे स्वतंत्र नगरपरिषदा आहेत. पुढे तर लोकनियुक्त सभागृहेच नाहीशी झाली. दोन्ही नगरपरिषदांमध्ये २०२० पासून आणि उल्हासनगरात २०२२ पासून कित्येक वर्षे प्रशासकांनी कारभार हाकला.

निसर्गाला या सीमा ठाऊक नाहीत. शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालणारी वालधुनी अंबरनाथहून उल्हासनगरात येते आणि पुढे कल्याणकडे जाते. अंबरनाथच्या कारखान्यांचे सांडपाणी तिच्यात, उल्हासनगरच्या वस्त्यांचे मैलापाणीही तिच्यातच. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत घातक रसायन ओतले गेले आणि विषारी वायूने शेकडो उल्हासनगरवासीयांना रुग्णालयात धाव घ्यावी लागली. नदी कोणाची, या प्रश्नावर प्रत्येक पालिकेचे बोट शेजारच्या पालिकेकडे! बदलापूरकडून येणाऱ्या उल्हास नदीची कथा वेगळी नाही.

आणि लष्करी भूमीचा प्रश्नही येथे केवळ इतिहासाचा नाही. मलंगगडाच्या परिसरात, काटई-बदलापूर मार्गावर नेवाळी आहे. महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने तेथे धावपट्टीसाठी सोळाशे एकरांहून अधिक भूमी घेतली. युद्ध संपल्यावर ती परत मिळायला हवी होती, असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ही भूमी संरक्षण खात्याची आहे, अशी नौदलाची भूमिका. नौदलाने कुंपणभिंतीचे काम काढले आणि २२ जून २०१७ रोजी तेथे भडका उडाला. रस्ते अडले, पोलिसांची वाहने जळली, आंदोलक आणि पोलीस दोघेही घायाळ झाले. हिंसेचे समर्थन कोणीही करणार नाही. देशाच्या सुरक्षेला लागणारी भूमी सैन्यदलांकडेच राहिली पाहिजे, याविषयी राष्ट्रवादी मनात संदेह असू शकत नाही. परंतु सैनिक आणि शेतकरी एकमेकांसमोर उभे राहावेत, याहून दुःखद दृश्य कोणते? सत्तर-पंचाहत्तर वर्षांत दोघांना एका मेजाभोवती बसवणारे अधिकृत व्यासपीठच निर्माण झाले नाही. न्यायालय, मंत्रालय आणि दिल्ली यांच्यामध्ये हेलपाटे घालणे एवढाच मार्ग त्या शेतकऱ्यांपुढे उरला.

अंबरनाथचा आयुध निर्माणी कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांचीही व्यवस्था बदलली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने दोन वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. तेथील विस्तीर्ण वसाहतीचा एखादा तुकडा उद्या अतिरिक्त ठरलाच, तर त्याचे काय करायचे हे कोण ठरवणार? त्या दिवशी जागे होऊन चालणार नाही. उल्हासनगर हे असे उशिरा जागे होण्याचेच फळ आहे.

इतरांनी काय केले

अमेरिकेतील कॅलिफोर्नियामध्ये फोर्ट ऑर्ड हा सुमारे २८ हजार एकरांचा लष्करी तळ १९९४ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी राज्याने कायद्याने एक पुनर्वापर प्राधिकरण स्थापले. त्याच्या मंडळावर मतदानाचा अधिकार होता तो परिसरातील नगरांच्या आणि परगण्याच्या लोकनियुक्त प्रतिनिधींना. १९९७ मध्ये समग्र आराखडा झाला आणि प्रत्येक नगराचा स्वतःचा आराखडा त्याच्याशी सुसंगत असणे बंधनकारक ठरले. विकासशुल्कातून रस्ते आणि पाण्याचा व्यय उभा करायचा होता. आणि महत्त्वाचे म्हणजे त्या प्राधिकरणाला आयुर्मर्यादा होती. ३० जून २०२० रोजी ते विसर्जित झाले. तेथे सर्व काही आदर्श झाले असे नाही. जुन्या बरॅकी कित्येक वर्षे पडून राहिल्या, नगरांमध्ये वादही झाले. पण ते वाद एका सभागृहात झाले, रस्त्यावर नव्हे. फिलिपीन्सने सुबिकच्या नौदल तळासाठी १९९२ मध्ये कायदा केला, तेव्हा शेजारच्या स्थानिक संस्थांनी ठरावाद्वारे संमती द्यावी, अशी अट त्या कायद्यातच घातली.

येथे काही मंडळी म्हणतील की एमएमआरडीए आहेच, आणखी एक प्राधिकरण कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु १९७५ पासून कार्यरत असलेले ते प्राधिकरण मुंबई महानगराच्या विराट पसाऱ्यासाठी आहे. वालधुनीकाठच्या बरॅकीतील सनद किंवा नेवाळीतील सातबारा हा त्याच्या चिंतेचा विषय होऊ शकत नाही, झालेलाही नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या पालिकांनी अनधिकृत इमारती डोळ्यांदेखत उभ्या राहू दिल्या, त्यांच्याच हाती पुन्हा भूमी द्यायची काय? उत्तर हे, की एकट्या पालिकेला जे झाकता येते, ते तीन पालिका, शेतकरी आणि संरक्षण खाते यांच्यासमोर झाकता येत नाही.

म्हणून शासनाने या तीन नगरांसाठी कायद्याने एक संयुक्त मंडळ स्थापन करावे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींमधून निवडलेले असावेत, असा दंडक घातला आहे. तोच येथेही असावा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यासह परिसरातील ग्रामपंचायतींना त्यात मत असावे. संरक्षण आणि महसूल खात्यांचे प्रतिनिधी चर्चेत असावेत, पण मताधिकारात नसावेत. सुरक्षेस आवश्यक अशा भूमीविषयी मात्र अंतिम शब्द संरक्षण खात्याचाच राहावा. मंडळाचे लेखे दरवर्षी जाहीर व्हावेत. जी भूमी सैन्याला नको असेल, तिच्यावर पहिला हक्क ज्यांची शेते गेली त्यांचा, दुसरा हक्क पाणी, शाळा, रुग्णालय आणि मैदानाचा, आणि बिल्डरचा क्रम सर्वांत शेवटी. उल्हासनगरातील प्रलंबित सनदांचा निपटारा मुदतीत करणे हे त्याचे पहिले कर्तव्य असावे. काम संपले की मंडळही संपावे. नाहीतर सेवानिवृत्तांच्या सोयीची आणखी एक पांजरपोळ निर्माण व्हायची!

हा प्रश्न या तीन नगरांपुरता राहिलेला नाही. २०२३ पासून देशातील कटक मंडळांचे नागरी भाग शेजारच्या नगरसंस्थांकडे सोपविण्याच्या हालचाली सुरू झाल्या. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशी सात कटक मंडळे आहेत. तेथील नागरिकांनी आणि नगरसेवकांनी एकदा उल्हासनगरला यावे. कॅम्प नंबर चारमधली कोणतीही गल्ली निवडावी आणि छावणी हस्तांतरित होते पण उत्तरदायित्व हस्तांतरित होत नाही, तेव्हा काय घडते ते डोळ्यांनी पाहावे.

१९४७ मध्ये जे आले, त्यांनी शासनाकडे फार काही मागितले नाही. त्यांना निवारा हवा होता, तो बरॅकीत मिळाला. नगर त्यांनी स्वतः उभारले. त्यांची तिसरी पिढी आज विचारते आहे, की आमच्या घराचा कागद कोठे आहे? नेवाळीचा शेतकरी विचारतो आहे, की आजोबांच्या शेताचे काय झाले? दोन्ही प्रश्न एकाच छावणीच्या कुंपणातून आले आहेत. त्यांना उत्तर देणारा कारभारी नेमायला शासनाला आणखी किती वर्षे हवी आहेत?